बढती आधी की राजीनामा?

लोहगाव हे तुकोबांचे आजोळ. देहूकरांना विमानतळाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक असलेले गाव. चाकण परिसरात होऊ घातलेला विमानतळ बारगळला, २०१६ मध्ये पुरंदरची निवड झाली आणि या पट्ट्यातील प्रवाशाची वाट लोहगावचीच राहिली. तेथून २०२४ पासून ‘फ्लाय ९१’ची लहान एटीआर विमाने सिंधुदुर्ग, जळगावकडे जाऊ लागली. अशा एखाद्या प्रादेशिक कंपनीत सहवैमानिक असलेल्या देहूच्या तरुणाला मोठ्या कंपनीचे बोलावणे आले, तर त्याने नोकरी सोडावी काय?

वरकरणी उत्तर सोपे आहे. विश्रांतीच्या नव्या नियमांनी वैमानिकांची सलग साप्ताहिक सुटी ३६ वरून ४८ तासांवर नेली. त्याची तजवीज न झाल्याने डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. वैमानिक हवे आहेत हे उघड आहे. शिवाय प्रशिक्षणासाठी घातलेले पन्नास लाखांहून अधिक रुपये घरच्यांना दिसतात.

अडचण नोटिशीची. चाकणच्या कारखान्यातील अभियंता दोन-तीन महिन्यांत मोकळा होतो. महासंचालनालयाच्या २०१७ च्या नियमानुसार मात्र सहवैमानिकाने सहा महिने, तर कमांडरने वर्षभर आधी सूचना द्यायची आहे. वैमानिक संघटनांनी या नियमाला न्यायालयात आव्हान दिले. २०२३ मध्ये ‘अकासा’चे ४३ वैमानिक मुदत न पाळता गेले, तेव्हा कंपनीनेही न्यायालयाची पायरी चढली.

खरी मेख पुढेच आहे. लहान कंपनीत कमांडरपद तुलनेने लवकर मिळू शकते. पण ते मिळताच पायातील बेडी दुप्पट होते. आताच सोडावे तर नव्या कंपनीत सेवाज्येष्ठता शून्यापासून, नव्या विमानाचे प्रशिक्षण आणि बहुधा त्यासाठीचा नवा करारनामा. थांबावे तर कमांडर म्हणून केलेल्या उड्डाणांचे तास पदरी पडतात, आणि त्यांना बाजारात मोल आहे.

थांबणे शहाणपणाचे, पण कंपनी टिकली तर! ‘उडान’ योजनेचे अनुदान एका मार्गाला तीनच वर्षे. डिसेंबर २०१७ मध्ये जळगाव, नाशिकला पोचलेल्या नव्या ‘एअर डेक्कन’ने एप्रिल २०२० मध्ये कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवले. तिची १९ आसनी बीचक्राफ्ट विमाने चालविणाऱ्यांना ते प्रशिक्षण अन्यत्र फारसे उपयोगाचे नव्हते. नांदेड, कोल्हापूरला जाणारी ‘ट्रूजेट’ २०२२ मध्ये थांबली. एटीआरवाल्यांचे तेवढे बरे. ते विमान इंडिगो आणि अलायन्स एअरकडेही आहे.

आमच्या मते पगार तारखेला होत असेल, तर कमांडरपद घेऊनच निघावे. तो एकदा लांबला, तर बढतीची वाट न पाहता सहा महिन्यांची नोटीस त्याच आठवड्यात द्यावी. नोटिशीच्या काळात कंपनीने वेतन घटवल्यास लवकर मुक्त करण्याची विनंती महासंचालनालयाकडे करता येते, ही तरतूद पुष्कळांच्या गावीही नसते.