बिऱ्हाड परदेशात हलवायचंय, पण कुणाच्या भरवशावर?

‘तुम्ही फक्त बॅग भरा, बाकीचं आम्ही बघतो!’ अशा थाटाची जाहिरात तुमच्या मोबाइलवर एकदा तरी येऊन गेली असेलच. व्हिसा, तिकीट, तिकडचं घर, पोरांची शाळा, बँकेतलं खातं, सगळं करून देणारी ही सेवा. नाव भारदस्त आहे, ‘पर्सनल कॉन्सिअर्ज’. आपल्या भाषेत सांगायचं तर पैसे घेऊन आपल्या वतीने धावपळ करणारा माणूस. मोठी कंपनी साहेबाची बदली परदेशात करते तेव्हा हा खर्च बहुतेक वेळा कंपनीच उचलते. पण कोडोलीसारख्या गावातून स्वतःच्या हिमतीवर निघालेल्या कुटुंबाचं काय? त्यांनी पैसे मोजले, तर ते नक्की काय विकत घेतात?

हा प्रश्न आता फक्त आयटीवाल्यांचा राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. याच राज्याची राजधानी श्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईची भगिनी-शहर आहे. पहिल्या टप्प्यासाठी १० हजार जणांचं उद्दिष्ट ठरलं. यादीत नर्स होत्या, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालकही होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत न्यायचं जाहीर केलं. म्हणजे तुमच्या वर्गातली नर्सिंगची मैत्रीण किंवा आयटीआय केलेला चुलतभाऊ, दोघांसाठीही दार किलकिलं झालंय.

पण एक गोष्ट बघा. करारात माणसं मोजली जातात, कुटुंबं नाहीत. आणि आपल्याकडे एकटा माणूस सहसा जात नाही, मागोमाग बिऱ्हाड निघतं.

पहिला व्हिसा ग्रामपंचायतीत

समजा, कोडोलीतली एक नर्स जर्मनीला निघालीय. घरी नवरा, सहा वर्षांची मुलगी, सासू-सासरे आणि थोडा ऊस. तिची खरी धावपळ कुठून सुरू होईल? मुंबईच्या वकिलातीतून नाही, ग्रामपंचायतीतून. लग्नाची नोंद केलीय का? महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे, पण ‘पत्रिका आहे, अल्बम आहे, अजून काय पाहिजे’ म्हणून नोंद न केलेली घरं कमी नाहीत. मुलीच्या जन्मदाखल्यावर तिचं नाव चढवलंय की नुसतं ‘मुलगी’ लिहिलंय? शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासपोर्टवर तिसरंच स्पेलिंग. सुनीता एकीकडे ऱ्हस्व, दुसरीकडे दीर्घ. आपल्याला यात काही वाटत नाही, पण परदेशी अधिकाऱ्याच्या टेबलावर त्या दोन वेगळ्या बायका असतात!

तिकडे गेल्यावरची कामंही एकाला एक जोडलेली. नर्सला पूर्ण मान्यता मिळवायला सहसा जर्मन भाषेची बी-२ पातळी लागते. जोडीदाराला काही वेळा निदान ए-१ यावी लागते, ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला यातून सूट आहे. नव्या घरात गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र हवं. ही नोंदणी अडली की कर क्रमांक अडतो आणि पुढची कामंही रखडतात.

आता कळलं, कॉन्सिअर्ज काय विकतो ते? क्रम. कोणतं काम आधी, कोणतं नंतर आणि कोणता कागद कुठं. यातलं काहीच गुपित नाही. पण ज्याला क्रम माहीत नाही, त्याच्यासाठी ते गुपितच.

‘कुटुंब’ म्हणजे कोण?

काही गोष्टी मात्र कितीही पैसे दिले तरी एजंटाच्या हातात नसतात. ब्रिटनचं उदाहरण घ्या. ११ मार्च २०२४ पासून तिथं नव्याने जाणाऱ्या केअर वर्कर्सना नवरा-बायको, मुलं सोबत न्यायला बंदी आली. विद्यार्थ्यांवरही तशीच बंदी त्याच वर्षी जानेवारीत आली, संशोधन करणाऱ्यांसारखे थोडे अपवाद सोडून. ज्यांनी ‘आधी मी जाते, मग तुम्ही या’ असा हिशोब मांडला होता, त्यांचा हिशोब एका आदेशाने मोडला.

जर्मनीने उलट केलं. १ मार्च २०२४ नंतर पहिल्यांदा परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आई-वडिलांना आणि काही अटींवर सासू-सासऱ्यांनाही बोलावता येतं. ऐकायला भारी वाटतं ना? पण त्यांचा पुरेसा आरोग्य विमा आणि खर्चाची तरतूद दाखवावी लागते. साठी ओलांडलेल्या, शुगर-बीपी असलेल्या माणसाचा विमा कुणी काढायचा आणि कितीला? आपल्या नर्सच्या घरात खरा प्रश्न इथं येऊन थांबतो. ऊस कुणी बघायचा, सासऱ्यांना दवाखान्यात कुणी न्यायचं, हे कुठल्याच पॅकेजमध्ये नसतं. ते घरात, जेवताना, तोंडावर बोलावं लागतं. आणि ते पैसे भरायच्या आधी.

तुमच्या खिशाला हे माहीत हवं

परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे. त्याने उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच सेवाशुल्क घ्यायचं, तेही पावती देऊन. त्याचा परवाना खरा आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर दोन मिनिटांत बघता येतं. घर शोधून देणारे, सामान हलवणारे, कॉलेजप्रवेश करून देणारे सल्लागार मात्र या परवान्याच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून ‘सगळं आम्ही बघतो’ असं कुणी म्हणालं, तर त्यातली नोकरी कुठली आणि नुसती सेवा कुठली, हे वेगळं लिहून मागा. लाखांत आकडा सांगून ‘पावतीचं नंतर बघू’ म्हणणाऱ्याला तिथंच रामराम करा.

सरकारने मनावर घेतलं तर काय होऊ शकतं, हे केरळने दाखवलंय. तिथं १९९६ मध्ये परदेशस्थ केरळवासीयांसाठी स्वतंत्र खातं निघालं. २००२ मध्ये ‘नोर्का रूट्स’ ही संस्था उभी राहिली. कागदपत्रांचं साक्षांकन, जाण्यापूर्वीचं मार्गदर्शन, परत आलेल्यांना मदत, हे सगळं ती करते. २०२१ च्या डिसेंबरमध्ये तिने जर्मनीशी ‘ट्रिपल विन’ करार केला आणि त्यातून जाणाऱ्या नर्सना एजंटाला छदामही द्यावा लागत नाही. म्हणजे हा सार्वजनिक कॉन्सिअर्जच की!

‘ते केरळ आहे, आपल्याकडे कुठं?’ असं म्हणू नका. आपल्या शेजारी काय झालं होतं ते आठवा. १९९८ मध्ये वारणानगरला ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला, परिसरातल्या सुमारे ७० गावांसाठी. गावातल्या बूथवर कॉम्प्युटर ठेवायचे आणि शेतकऱ्याला माहिती गावातच द्यायची, अशी ती कल्पना. प्रत्यक्षात त्या कॉम्प्युटरवर मुख्यतः उसाचा हिशोबच होत राहिला. पुढे २००७ च्या सुमारास काही गावांत तेच काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर आणून बघितलं गेलं. यातून एक धडा घ्यायचा. मशीन आणून ठेवलं म्हणजे माहिती पोहोचत नाही. ज्याला गरज आहे त्याची अडचण ऐकून घेणारा, त्याच्या भाषेत सांगणारा माणूस लागतो.

तो माणूस तुम्ही होऊ शकता. कॉलेजच्या एनएसएसकडून महिन्यातून एक रविवार ग्रामपंचायतीत टेबल टाकायचं. लग्ननोंदणी झालीय का, दाखल्यांवरची नावं जुळतात का, एजंटाचा परवाना पोर्टलवर दिसतो का, एवढ्या तीनच गोष्टी तपासून द्यायच्या. व्हिसाचा सल्ला द्यायचा नाही, ते आपलं काम नव्हे. पण या तीन गोष्टी वेळेत झाल्या, तर कित्येक घरांचे हेलपाटे वाचतील आणि काहींची फसवणूकही टळेल.

परदेशी जायचं की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. तुमच्या घरात हा विषय निघालाच, तर आज संध्याकाळी एवढं करा. कपाटातली फाइल काढा, सगळ्यांचे दाखले जमिनीवर मांडा आणि नावं शेजारी-शेजारी ठेवून वाचा. मग आजी-आजोबांना बोलवा आणि विचारा, आम्ही गेलो तर तुमचं कसं? या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यावरच एजंटाला फोन लावा.