घर घेताना दलालाचे बोट कोठवर धरावे

आमच्या शेतकरी वर्गात घर विकत घेण्याची चाल पूर्वी नव्हती. घर बांधावयाचे असे. बाजारातून बैल आणावा तसे ते पसंत करून आणण्याची वस्तू आहे, ही कल्पनाच गावात कोणास नसे. आता बारामती शहराच्या कोणत्याही वाटेने बाहेर पडावे, तर चुन्याची फक्की मारून आखलेले भूखंड व अर्धवट उभ्या इमारती दृष्टीस पडतात. आणि इंदापूर-भिगवणकडेही तेच वारे वाहू लागले आहे. मुलगा औद्योगिक वसाहतीत कामास लागला, नातवंडे शहरातील शाळेत घातली, म्हणजे घराचा विषय निघतो. आणि तो निघाल्यावर आठ दिवसांच्या आत कोणी तरी दलाल ओटीवर येऊन बसतो. कविवर्य मोरोपंतांस या बारामतीत बाबूजी नाईकांचा आश्रय लाभला, त्यामुळे त्यांना ही विवंचना पडली नसावी. असो.

दलाल हा माणूस वाईट, असे माझे मुळीच म्हणणे नाही. कोणत्या आळीत पाणी रोज येते, कोणता विकणारा अडचणीत आहे, कोणत्या भावास खरोखर व्यवहार होतात, हे त्यास ठाऊक असते आणि आपणांस नसते. परंतु त्याची मजुरी व्यवहार पुरा झाल्यावर मिळते व ती बहुधा दोन्ही पक्षांकडून मिळते, ही गोष्ट त्याचे बोट धरणाराने क्षणभरही विसरू नये. व्यवहार मोडावा असा सल्ला देऊन स्वतःचे पोट मारणारा दलाल विरळा. जागा दाखविणे हे त्याचे काम आहे. हक्क पाहणे हे आपले आहे.

हे मी शहाणपणाने लिहीत नसून ठेच लागल्यावर लिहीत आहे. महसूल खात्यात माझी कारकुनीची तीस वर्षांहून अधिक सेवा झाली. सात-बारा, आठ-अ, फेरफार यांच्या नकला मी इतक्या तपासल्या की त्यांतील रकाने झोपेतही डोळ्यांपुढे उभे राहात. असा मी, निवृत्तीची रक्कम हाती आल्यावर, शहराच्या कडेस दोन गुंठ्यांचा एक तुकडा पाहून भुललो. विकणारे दोघे भाऊ होते. उताऱ्यावर मात्र पाच नावे होती. भावांच्या खाली तीन बहिणींची. ती मला दिसली नाहीत असे नव्हे. मी दलालास विचारलेही. तो म्हणाला, “भाऊसाहेब, बहिणी हक्कसोड करून देणारच आहेत, घरचीच माणसे. आज इसार नाही दिला तर उद्या गिऱ्हाईक तयार आहे.” मी एक लाख रुपये इसार दिला व साध्या कागदावर पावती घेतली. हेच दुसऱ्या कोणी केले असते, तर मी त्यास कचेरीत चार शब्द सुनावून परत पाठविले असते.

पंधरा दिवसांनी इंदापूर तालुक्यातून मधली बहीण माझ्या घरी आली. वाद घालण्यास नव्हे, पाणी घेतले, सौभाग्यवतीपाशी बसली, आणि जाताना मला म्हणाली, “भाऊसाहेब, वडिलांच्या मागे माझे नाव तुमच्याच कचेरीने लावले ना? मग घेताना मला विचारावे असे तुम्हालाही वाटले नाही?” या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते, अद्यापही नाही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू अविभक्त कुटुंबात मुलीस मुलाइतकाच हक्क दिला, हे मी कित्येकांस समजावून सांगितले होते. ज्या दिवशी माझेच पैसे गुंतले, त्या दिवशी दलालाची घाई मला कायद्याहून वजनदार वाटली. बहिणींना वगळून भावांनी खरेदीखत करून दिले असते, तर मला मिळाला असता तो त्यांचा अविभक्त हिस्सा. मी पाहिलेला तो दोन गुंठ्यांचा तुकडा नव्हे. पुढे वाटपाचा दावा, आणि दाव्यास किती वर्षे लागतात हे सांगण्याची गरज नाही.

म्हणून इसार देण्यापूर्वी कागद पाहावा, आणि तो दलालाने आणून दिलेला नव्हे, आपण स्वतः काढलेला असावा. आता सही-शिक्क्यासाठी तलाठ्याकडे (त्यांस अलीकडे ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) खेटे घालण्याचे कारण राहिलेले नाही. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळतो. त्यातील नावे पाहून लोक उतारा मिटतात, ही मोठी चूक होय. खरी गोम ‘इतर हक्क’ या रकान्यात असते. सोसायटीचा बोजा तेथे, कोर्टाचा मनाई हुकूम तेथे. जमीन भोगवटादार वर्ग २ ची आहे काय, हेही पाहावे. इंदापूर तालुक्यातील भीमाकाठची गावे उजनीच्या पाण्याखाली गेली. अशा धरणग्रस्तांस पुनर्वसनात मिळालेल्या जमिनी बहुधा या वर्गात मोडतात व सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नाहीत. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनींसही अशाच अटी असतात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ व घरपट्टीची पावती यांवरून मालकी सिद्ध होते, हा समज तर खेडोपाडी इतका पक्का आहे की तो काढता निघत नाही. ती कर-आकारणीची नोंद आहे, मालकीचा दाखला नव्हे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात अलीकडे पुष्कळ फेरबदल झाले. परंतु सवलत झाली एवढ्या ऐकीव माहितीवर गुंठा-गुंठा घेऊ नये, आपला तुकडा त्या सवलतीत बसतो काय ते वकिलाकडून लेखी घ्यावे.

तयार सदनिका किंवा मोठ्या आखणीतील भूखंड घ्यावयाचा असल्यास २०१६ चा स्थावर संपदा अधिनियम आपल्या पाठीशी आहे. महाराष्ट्रात त्यासाठी २०१७ पासून महारेरा हे प्राधिकरण काम करते. या कायद्याने प्रकल्पाप्रमाणे दलालासही नोंदणी लागते, आणि २०२३ साली महारेराने दलालांस प्रशिक्षण घेऊन परीक्षा देणे आवश्यक केले. दलालाचा क्रमांक इंग्रजी ‘ए’ने व प्रकल्पाचा ‘पी’ने सुरू होतो, दोन्ही मागावे आणि महारेराच्या संकेतस्थळावर मुलाकडून पडताळून घ्यावे. नोंदणीकृत करारावाचून किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकास घेता येत नाही. मात्र जमीन ५०० चौरस मीटरांपर्यंत असेल किंवा सदनिका आठपर्यंतच असतील, तर प्रकल्पास नोंदणीची सक्ती नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे पाच गुंठ्यांस किंचित कमी. आमच्याकडील कित्येक व्यवहार याच फटीतून जातात, आणि तेथे कोणताही क्रमांक आपल्या मदतीस येत नाही.

पैशाच्या बाबतीत दलालाचा हिशोब पगारदाराचा असतो. तो विचारतो, महिना किती हप्ता झेपेल? आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टात होते व तोड सोळा-अठरा महिन्यांनी. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात चौदा दिवसांत दर चुकता करावा असे लिहिले असले, तरी रक्कम हाती कशी तुकड्या-तुकड्याने येते हे सभासदांस मी काय सांगावे! डाळिंबवाल्याचे तर तेल्या पडला की वर्षच गेले. बँकेच्या वहीत आडसाली महिना नसतो. तेव्हा हप्ता मुलाच्या पगारातूनच भागेल एवढेच घर पाहावे, व उसाचे पैसे मुद्दल फेडण्यास राखावे. सांगितलेल्या किमतीवर मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, वकील व दलाली यांची भर पडते, तीही आधीच धरावी. केवळ स्त्रीच्या नावे राहते घर घेतल्यास २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे. ही गोष्ट आपण होऊन सांगणारा दलाल मला तरी भेटला नाही.

याहून जपण्याची गोष्ट निराळीच. घरासाठी रान विकावयाचे झाल्यास शेवटचा तुकडा विकू नये. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या ६३ व्या कलमाने, जो शेतकरी नाही त्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. सर्व रान फुंकून सदनिकेत राहावयास गेलेल्यास उद्या दहा गुंठे घ्यावेसे वाटले, तर शेतकरी असल्याचा पुरावा तो कोठून आणणार?

आपल्या संस्थेने महिन्यातून एक दिवस एखादा वकील व एखादा निवृत्त महसूल कर्मचारी कार्यालयात बसवून सभासदांचे उतारे वाचून दाखवावेत, अशी माझी सूचना आहे. मी विनावेतन येईन. माझा इसार सात महिन्यांनी, वीस हजार कापून, परत मिळाला. दलालाने कापलेल्या रकमेची पावती दिली नाही. घर अद्याप घेतलेले नाही. नव्या दलालास नोंदणी क्रमांक विचारला तेव्हा तो हसला व ‘शोधून सांगतो’ म्हणाला, त्यास आता तीन आठवडे झाले.