हराम फक्त मुलीलाच?

माझी मामेबहीण गणितात बी.एस्सी. झाली. तिला अ‍ॅक्च्युअरी व्हायचंय: मृत्यू, आजार, अपघात यांची शक्यता मोजून विम्याचा हप्ता ठरवायचा. एलआयसी यासाठी अधिकारी भरते. अ‍ॅक्च्युअरी संस्थेचे काही पेपर आधी पास लागतात, उरलेले नोकरी करता करता देता येतात. संस्थेची प्रवेश परीक्षा तर बारावीनंतरच देता येते; आपल्या मोहल्ल्यात हे किती जणांना ठाऊक आहे?

घरात मात्र फतवा निघाला. विमा हराम, शिवाय सरकारी नोकरीत आपल्याला घेतंय कोण!

विम्याबद्दलची शंका मला समजते. पण मी दहा वर्षं बँकेचं सॉफ्टवेअर लिहितोय; माझ्या पहिल्या पगाराची बिर्याणी याच मंडळींनी खाल्ली. आणि अर्ज न करताच ‘घेत नाहीत’ कसं कळलं?

तिची परीक्षेची फी मी काल भरली.