रद्दी म्हणण्यापूर्वी

रहाटणीसारख्या वाढत्या उपनगरात घर बदलणे नित्याचे झाले आहे. गावाकडील घर सोडून सदनिकेत आलेल्या आजोबांच्या ट्रंकेत जुनी देवादिकांची चित्रे निघतात, जागा अपुरी पडते आणि कोणीतरी रद्दीवाल्याला हाक मारते. वाचकहो, त्या क्षणी थोडे थांबावे.

त्यांत कदाचित रविवर्मा छापखान्याची लक्ष्मी किंवा सरस्वती असेल. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत हा छापखाना सुरू केला. पुढे तो आपल्या लोणावळा लोकलच्या वाटेवरील मळवलीस गेला. प्रत्येक रंगासाठी निराळी शिळा वापरून ही चित्रे छापली जात. 1972 मध्ये छापखान्याला आग लागली. घरोघरी उरलेल्या प्रती म्हणूनच मोलाच्या. अमेरिकेत पूर्वी सिगारेटच्या पाकिटांतून मिळणारी बेसबॉलपटूंची चित्रे संग्राहक आज जिवापाड जपतात. तीही एकेकाळी फेकून देण्याजोगीच वाटली होती.

चित्राचा शोध घरीच आरंभता येतो. तळाशी बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव व गाव असते, ते भिंगातून वाचावे. चौकटीची मागची बाजू पाहावी. मात्र पुढे नकलाही पुष्कळ निघाल्या. केवळ नावावरून वय ठरवू नये.

या शोधात आजोबांना सोबत घ्यावे. स्मृतिभ्रंशात कालचे जेवण विसरले जाते, पण बालपणीच्या देवघराची भिंत बऱ्याचदा दीर्घकाळ आठवत राहते. ‘आठवतंय का?’ असे विचारून त्यांची परीक्षा घेऊ नये. ‘ही लक्ष्मी किती प्रसन्न आहे!’ एवढेच म्हणावे आणि वाट पाहावी. ते जे सांगतील ते निराळ्या वहीत लिहावे, चित्राच्या पाठीवर नव्हे. ते अस्वस्थ झाले, तर विषय तिथेच सोडावा.

जुन्या कागदावर धूळ व बुरशी असते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी ती झाडू नये. इतरांनीही मुखपट्टी बांधून, खिडकी उघडी ठेवून हे काम करावे. ओले फडके व चिकटपट्टी टाळावी; चित्र उन्हापासून दूर ठेवावे.

चित्राची किंमत जाणकार कधीही सांगू शकेल. ते घरात कोणी, कोणत्या दिवशी आणले, हे सांगणारे माणूस मात्र आज आपल्याजवळ आहे. रद्दीवाला पुढच्या आठवड्यातही येईल.