‘दूध भरतंय’ म्हणणं थांबवा
दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बाईचं वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन तपासतात. स्तन पाहिलेच तर बाळाला बोंड धरता येईल का, एवढ्यापुरते. तिने गाठ सांगितली तर उत्तर तयार: ‘दूध भरतंय.’

डॉ. राणी बंग यांनी १९८९ मध्ये गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचं दाखवलं. न तपासलेलं दुखणं नसतंच, हा समज तेव्हाच मोडायला हवा होता.

दोन आठवडे टिकलेल्या गाठीची सोनोग्राफी करा, सुईने तुकडा काढून तपासा. दोन्ही गरोदरपणात सुरक्षित आहे. चौथ्या महिन्यापासून केमोही देता येते; रेडिएशन बाळंतपणानंतर. ‘आई की मूल’ हा पेच बहुतेकदा खोटा असतो. भामरागडहून नागपूर फार दूर आहे. म्हणूनच मी म्हणते, गाठ तिथल्याच नर्सताईंच्या हाताला लागली पाहिजे.