जपानी शिकताय? मग एन-४च्या पुढचं बोला!

ऑगस्ट २०२५मध्ये पंतप्रधानांच्या टोकियो दौऱ्यात भारत आणि जपानने एक आकडा जाहीर केला. पाच वर्षांत दोन्ही देशांमध्ये मिळून पाच लाख लोकांची ये-जा व्हावी आणि त्यात भारतातून जपानला जाणारे ५० हजार कुशल लोक असावेत, असं हे उद्दिष्ट. साहजिकच 'जपानी शिका, जपानला चला' हे वाक्य आता कॉलेजच्या कट्ट्यावरही ऐकू येतंय.

जपानला माणसं हवी आहेत हे खरंच. तिथे दर दहांपैकी जवळपास तीन जण पासष्टी ओलांडलेले आहेत. पण तिथे जाण्याचे रस्ते दोन आहेत आणि त्यांतला फरक फी भरण्याआधीच कळायला हवा.

पहिला रस्ता 'विशिष्ट कौशल्य' व्हिसाचा. वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम, हॉटेल अशी कामं. भारताने यासाठी जानेवारी २०२१मध्ये जपानशी करार केला. पदवीची अट नाही. साधारण एन-४ इतकी भाषा आणि कौशल्याची परीक्षा पुरते. मात्र याच्या पहिल्या प्रकारात मुक्काम साधारणपणे पाच वर्षांपर्यंतच, आणि सहसा कुटुंब सोबत नेता येत नाही.

दुसरा रस्ता इंजिनीअर, आयटी, दुभाषे, भाषांतरकार यांचा. इथे बहुतेकदा पदवी लागते, व्हिसा वाढवता येतो, कुटुंबही नेता येतं. पण भाषेच्या जिवावर नोकरी हवी असेल, तर कंपन्या साधारणपणे एन-२ मागतात. एन-४ला काही शे कांजी पुरतात. रोजच्या वापरासाठी ठरवलेली जपानची सरकारी यादी मात्र २,१३६ कांजींची आहे. ही मजल क्रॅश कोर्सने मारता येत नाही.

विद्यापीठाचं महत्त्व इथेच. दिल्लीच्या जेएनयूमध्ये जपानी, कोरियन, चिनी या भाषांमध्ये बीए ऑनर्स करता येतं. पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीचा विभाग आहे. आपली डिग्री सांभाळून शिकायचं असेल, तर रानडे इन्स्टिट्यूट आहेच.

'पण भाषांतर तर आता अ‍ॅप करतंच की!' करतं ना. जपानी माणूस मीटिंगमध्ये 'केन्तो शिमास' म्हणाला की अ‍ॅप सांगेल, 'विचार करतो.' संस्कृतीसकट भाषा शिकलेल्याला त्यात सभ्य नकारही ऐकू येतो. आपलं 'बघू, कळवतो' तसंच! कंपनी पैसे मोजते ते या समजुतीचे.

म्हणूनच नुसत्या भाषेपेक्षा 'भाषा अधिक विषय' ही जोडी भारी. मेकॅनिकल, कॉमर्स, नर्सिंग, काहीही चालेल. कोरियनचंही तेच. रांजणगावला एलजी आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतलाय. के-ड्रामावरून लागलेली गोडी तिथवर नेता येईल.

क्लास लावण्याआधी तीन प्रश्न नक्की विचारा: कोणती लेव्हल, कोणता व्हिसा, किती वर्षं? उत्तर नुसतंच 'होऊन जाईल' असं आलं, तर तुम्हीही म्हणा, 'केन्तो शिमास!'