‘स्मृतिचित्रे’ आणि माझी वकिली

गेल्या महिन्यात आपल्या वाचन गटात लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वर चर्चा झाली. जे आले नव्हते त्यांच्यासाठी सांगते: पहिली वीस मिनिटं पुस्तकावर बोलणं झालं आणि उरलेला सगळा वेळ एकाच प्रश्नावर गेला. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, बायकोला मागे ठेवून. ते बरोबर की चूक? मग कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, “तू सांग ना, तू तर ख्रिश्चन आहेस.”

मी सांगितलं. माणसाला जे मनापासून पटतं ते त्यानं करावं, टिळकांनी तेच केलं, वगैरे. सगळ्यांनी माना डोलावल्या. नंतर सगळ्यांबरोबर पोहे-जिलेबी खाऊन मी घरी गेले.

पण मी खोटं बोलले होते. जे बोलले ते चूक होतं असं नाही, पण ते माझं मत नव्हतं. तो भाग वाचताना मला टिळकांचा चांगलाच राग आला होता. इतका मोठा निर्णय, आणि जिच्या संसाराचे त्यामुळे दोन तुकडे होणार होते ती त्यात कुठेच नाही! हे मी बोलले नाही, कारण मला वाटलं, मी असं म्हटलं तर लोक म्हणतील, बघा, त्यांच्यातल्यांनाही पटत नाही. म्हणजे मी वाचक म्हणून बसलेच नव्हते. मी वकील म्हणून बसले होते, आणि अशिलानं मला नेमलंही नव्हतं.

गंमत म्हणजे वकिली करायला मी लायकही नाही. टिळक अमेरिकन मिशनचे, प्रॉटेस्टंट. आम्ही कॅथलिक, आजोळ वसईचं. माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी पाळण्यात होते. टिळकांनी जो निर्णय घेतला तसा निर्णय मला कधी घ्यावाच लागलेला नाही. त्या बाबतीत वर्गातल्या कुणाहूनही मला जास्त काही कळत नाही.

म्हणून आता थोडं मोकळेपणानं लिहिते. माझं म्हणणं असं आहे की आत्मचरित्र हातात आलं की आपण वाचक राहत नाही, पंच होतो. कादंबरीतल्या नवऱ्याबद्दल आपण विचारतो, लेखकानं हा माणूस असा का रंगवला? आठवणींतल्या नवऱ्याबद्दल विचारतो, हा माणूस दोषी आहे का? सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आलं तेव्हाही हेच झालं. पु. ल. खरंच असे होते का, यावर घरोघरी वाद झाले. सुनीताबाई किती कठोरपणे स्वतःकडे बघतात, यावर त्यामानानं कमी बोललं गेलं.

आपल्या यादीत पुढचं पुस्तक बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ आहे, १८५७ सालचं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बहुतेक वेळा याच पुस्तकाचं नाव घेतात. लेखक स्वतः १८५४ मध्ये ख्रिस्ती झालेले. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासात विधवांची दुःखं बघत जातात, पुढे विनायक मरतो, यमुना बाप्तिस्मा घेते आणि पुन्हा लग्न करते. विधवांच्या हालांबद्दल इतक्या लवकर कुणीतरी मराठीत इतकं स्पष्ट लिहिलं, याचं मोल मला कमी करायचं नाही. पण नवरा-बायकोचं धर्माबद्दल आधीपासूनच एकमत आहे. लेखकाला उत्तर ठाऊक आहे, आणि यमुना त्या उत्तराकडे चालत जाते.

लक्ष्मीबाई तशा चालत नाहीत. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षं त्या वेगळ्या राहतात. मग त्यांच्याकडे जातात त्यासुद्धा आपलं सोवळं सांभाळून. स्वतःचा बाप्तिस्मा घेतात तो १९०० साली, स्वतःच्या विचारानं. मधल्या पाच वर्षांत त्या रडतात, भांडतात, हट्ट करतात, आणि नवऱ्यावर प्रेमही करतात. ‘यमुनापर्यटना’त जागा न मिळालेली भांडणं इथे आहेत.

शिवाय हे सांगतंय कोण आणि कधी? टिळक १९१९ मध्ये गेले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये आला. म्हणजे बाप्तिस्म्याची हकीकत छापून आली ती जवळजवळ चाळीस वर्षांनी. आपण ज्या प्रसंगावर एवढे तावातावानं बोललो, त्याकडे बघून बाई हसू शकतात. ते हसू म्हणजे माफी नाही आणि तक्रारही नाही. मला वाटतं, पुस्तकातली सगळ्यात अवघड गोष्ट ती आहे, आणि चर्चेत आपण तिला हातही लावला नाही.

आपल्यातल्या काहींनी हे पुस्तक शांता गोखले यांच्या २०१७ च्या इंग्लिश अनुवादातून वाचलं. त्याच्या मुखपृष्ठावर ‘द मेमॉयर्स ऑफ अ स्पिरिटेड वाइफ’ असं उपशीर्षक आहे. मराठी नावात बायको कुठेच नाही, फक्त आठवणींची चित्रं आहेत. आपणही लक्ष्मीबाईंना टिळकांच्या खटल्यातली साक्षीदार करून टाकलं.

माझी एक मैत्रीण म्हणाली, “अगं, पण ही खरी माणसं होती. बरोबर-चूक विचारायचंच नाही का?” विचारायचं. मी तर म्हणते, राग आला तर तोही सांगायचा. फक्त हा प्रश्न सगळ्यांना सारखा विचारा. ख्रिश्चन मुलीला बाप्तिस्म्याबद्दल, ब्राह्मण मुलाला सोवळ्याबद्दल, अशी हजेरी घेऊ नका. हजेरी घेतली की माणूस आपल्या घराची बाजू मांडतो, आणि पुस्तक तसंच बंद राहतं.

तर गेल्या महिन्यातलं माझं उत्तर मी मागे घेते. टिळकांना बाप्तिस्मा घ्यायचा पूर्ण हक्क होता, आणि लक्ष्मीबाईंशी ते चुकीचं वागले. ही दोन्ही माझीच मतं आहेत. पुढच्या बैठकीला ‘यमुनापर्यटन’ घेऊन येते. त्याबद्दल मला बरंच बोलायचंय, पण या वेळी कुणाच्याही वतीनं नाही.